मिलिलिटर मोजायचा की निकोटिन?

निकोटिन द्रवावरच्या करांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक त्रैराशिक सोडवायला लावते. समोर दोन वस्तू आहेत असं समजा. एक ई-सिगारेटच्या द्रवाची ६० मि.लि.ची बाटली, निमुळत्या तोंडाची, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीसारखी पण बरीच मोठी. लेबलवर ‘३ मि.ग्रॅ.’ असं छापलेलं, म्हणजे दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिन. दुसरी वस्तू चिमटीत मावणारी: जूल या ई-सिगारेटचा पॉड. आत जेमतेम ०.७ मि.लि. द्रव, पण त्यात निकोटिन सुमारे ४० मि.ग्रॅ.

आता यांना नॉर्थ कॅरोलायनाचा कर लावा. तिथे जून २०१५ मध्ये या द्रवावर मिलिलिटरला ५ सेंट कर लागू झाला. बाटलीवर कर झाला ३ डॉलर, पॉडवर साडेतीन सेंट. बाटलीत एकूण निकोटिन १८० मि.ग्रॅ., म्हणजे मिलिग्रॅममागे दीड सेंटाहून जास्त कर. पॉडमध्ये मिलिग्रॅममागे एक दशांश सेंटही पडत नाही. राज्य एक, कायदा एक, रसायन एक, आणि बोजा जवळपास १९ पट.

निकोटिन द्रवावरच्या करांबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा दर विचारतात. कर किती? माझ्या मते पहिला प्रश्न मापाचा हवा. कर कशावर मोजला आहे, द्रवावर, निकोटिनवर की घाऊक किमतीवर? माप ठरलं की कोणाच्या खिशाला हात लागणार हे बरंचसं ठरून जातं. पुढची सगळी प्रकरणं याच प्रश्नाच्या मागे चालतात.

ती मोठी बाटली विकत घेतं कोण? बहुतेकदा एकेकाळी रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा, आता टँक आणि कॉइलचं यंत्र वापरणारा प्रौढ माणूस. १८ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करून तो हळूहळू १२ वर, ६ वर, ३ वर उतरतो. निकोटिन कमी केलं की माणूस नकळत जास्त द्रव ओढतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. समजा, १८ मि.ग्रॅ.चं लिक्विड तो दिवसाला २ मि.लि. वापरत होता आणि ३ मि.ग्रॅ.वर आल्यावर ८ मि.लि. वापरू लागला. त्याचं निकोटिन ३६ मि.ग्रॅ.वरून २४ वर आलं. त्याचा कर मात्र १० सेंटांवरून ४० सेंटांवर गेला. व्यसनाची पायरी उतरणाऱ्या माणसाकडून प्रत्येक पायरीला जास्त पैसे घेणारा कर आरोग्याच्या नावाने लावला जातो, याचा मला मनापासून त्रास होतो. वाचकांनाही तो व्हावा असं वाटतं.

कायदे करणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती, हेही लगेच सांगायला हवं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या २७.५ टक्के मुलामुलींनी मागच्या ३० दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. निकोटिनची सवय लागते, आणि ती कोवळ्या वयात लागली की सुटायला फार जड जाते. मुलांच्या हातात वस्तू महाग पडावी हा विचार योग्यच आहे. प्रश्न इतकाच, की मुलांच्या हातात जास्त करून पॉड होता आणि मिलिलिटरचा कर बसत होता बाटलीवर.

घाऊक किमतीवरच्या कराची गोष्ट निराळी. पेनसिल्व्हेनियाने १ ऑक्टोबर २०१६ पासून घाऊक किमतीवर ४० टक्के कर लावला, यंत्रांसकट. त्यात एक पोटकलम होतं: त्या दिवशी दुकानात जो माल पडून असेल त्यावरही ४० टक्के, आणि तो ९० दिवसांत भरायचा. म्हणजे आधीच पैसे मोजून आणलेल्या, अजून न विकलेल्या मालावर. ज्याच्या फळ्यांवर ५०,००० डॉलरचा माल असेल त्याने २०,००० डॉलर रोख उभे करायचे. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराकडे एवढी रोकड नसते. अनेक दुकानं बंद पडली. यातलं नुकसान फक्त दुकानदाराचं नव्हतं. ही दुकानं म्हणजे सिगारेट सोडू पाहणाऱ्याला कॉइल बदलून दाखवणारी, कोणती तीव्रता घ्यावी हे समजावणारी जागा होती. ती गेली की गिऱ्हाईक पेट्रोल पंपावरच्या दुकानात जातं, आणि तिथे गल्ल्यामागच्या फळीवर पॉडच्या शेजारीच सिगारेटची पाकिटं असतात.

काही राज्यांनी चूक ओळखून माप सुधारायचा प्रयत्न केला. वॉशिंग्टन राज्याने ऑक्टोबर २०१९ पासून पॉडसारख्या वस्तूंना मिलिलिटरला २७ सेंट आणि ५ मि.लि.हून मोठ्या, उघडता येणाऱ्या बाटल्यांना ९ सेंट असे दोन दर ठेवले. हेतू चांगला. पण आपलं त्रैराशिक पुन्हा मांडा: बाटलीवर ५ डॉलर ४० सेंट, पॉडवर १९ सेंट. तिप्पट दर लावूनही बाटलीतल्या निकोटिनवरचा बोजा सहापटीहून जास्तच राहतो.

मग थेट निकोटिनच मोजलं तर? २०२१ मध्ये अमेरिकी संसदेत तसा प्रस्ताव आला होता: १,८१० मि.ग्रॅ. निकोटिनला ५०.३३ डॉलर. हा आकडा कुठून आला? हजार सिगारेटींवरचा संघराज्याचा कर ५०.३३ डॉलर आहे. हिशेबाने बाटलीवर सुमारे ५ डॉलर आणि एका पॉडवर १ डॉलर ११ सेंट कर पडला असता. माप सरळ झालं, पण दुसरी अडचण उभी राहिली. पाकीटभर सिगारेटींवर संघराज्याचा कर साधारण १ डॉलर, आणि पॉडवर त्याहून थोडा जास्त. धूर आणि वाफ एकाच पारड्यात. प्रस्ताव कायद्यात उतरला नाही. चलोप्का, स्वेनर आणि वॉर्नर या तिघांनी २०१५ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं होतं, की धोका वेगळा तर कर वेगळा हवा; सिगारेटवर जड, वाफेवर हलका. तो छोटा लेख या क्षेत्राचा उंबरठा आहे. नव्या वाचकाने आधी तोच वाचावा.

सिगारेट आणि वाफ यांचे भाव असे एकमेकांशी बांधलेले असतात याचा पुरावा मिनेसोटात मिळतो. निकोटिन द्रवावर कर लावणारं ते पहिलं राज्य, आणि २०१३ पासून तिथला दर घाऊक किमतीच्या ९५ टक्के झाला. सॅफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिशेब मांडला, की हा कर नसता तर राज्यातल्या आणखी सुमारे ३२,४०० प्रौढांनी सिगारेट सोडली असती. हा अंदाज आहे, मोजदाद नाही. तो इतर राज्यांशी तुलना करून काढलेला आहे, आणि ती तुलना कशी केली हे तपासण्यातच विद्यार्थ्याचा एक महिना सहज जाईल. तो जावा अशी माझी इच्छा आहे.

कर चुकवायच्या वाटाही अभ्यासाचाच भाग. व्हरमाँटने जुलै २०१९ पासून घाऊक किमतीवर ९२ टक्के लावले. शेजारच्या न्यू हॅम्पशायरने २०२० पासून बाटलीतल्या द्रवावर ८ टक्के. मध्ये कनेक्टिकट नदी, तिच्यावर पूल. दहा डॉलर घाऊक किमतीच्या बाटलीवर अलीकडे ९ डॉलर २० सेंट कर, पलीकडे ८० सेंट. टपालाने मागवायची वाट २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. काही जण मिलिलिटरला १०० मि.ग्रॅ.चं निकोटिन आणून घरीच ग्लिसरीन आणि स्वाद मिसळतात. फ्रीजरमधली एक बाटली अनेक महिने पुरते. पण ते प्रमाण चुकलं तर विषबाधा होऊ शकते, आणि घरात लहान मूल असेल तर ती बाटली कुठे ठेवली आहे याला फार महत्त्व येतं.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे, म्हणून कराचा प्रश्नच येत नाही. मापाचा प्रश्न मात्र आपल्या चांगल्या ओळखीचा. भारतात सिगारेटवर हजारी कर लांबीच्या टप्प्यांनी बसतो. एक टप्पा ६५ मिलिमीटरवर संपायचा, आणि बाजारात ६४ मिलिमीटरच्या फिल्टर सिगारेटी आल्या.

या क्षेत्रात यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कायद्याचं कंटाळवाणं कलम शेवटपर्यंत वाचायची तयारी हवी, आणि ज्याच्यावर कर बसतो त्या माणसाशी बोलायची. पहिलं प्रकरण ३० सप्टेंबर २०१६ च्या रात्रीचं आहे: पेनसिल्व्हेनियातलं दुकान बंद करून, दिवे चालू ठेवून, एकेक फळी मोजत जाण्याचं. कागद-पेन्सिल घेऊन बसा.