खत आणि खतामागील हकीकत

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात करमाळा तालुका वसला आहे. दोहों बाजूंस नद्या असूनही येथील शेती शतकानुशतके पावसाच्या लहरीवर चालत आली. पाऊस चुकला की कुणब्याची पावले सावकाराच्या ओसरीकडे वळत. अशा मुलखातून कायदा शिकावयास पुण्या-मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आरंभीचाच धडा येई तो कराराचा. १८७२ चा करार कायदा त्यास सांगे की, सज्ञान माणसाने राजीखुषीने व योग्य मोबदल्यासाठी दिलेला शब्द त्यास बांधून टाकतो. त्याच वर्षीच्या पुराव्याच्या कायद्याचे ९२ वे कलम पुढे सांगे की, कागदावर जे लिहिले गेले त्याविरुद्ध तोंडी बोलणे सामान्यतः ऐकावयाचे नाही. दोन्ही तत्त्वे न्याय्यच. त्यांवाचून व्यवहार चालावयाचा नाही.

परंतु ज्याने खतावर नांगराची निशाणी केली, त्यास ते खत वाचताच येत नसले तर? हिंदु धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम मुंबईच्या हायकोर्टाने मानला होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे, असा तो नियम. पण जुने खत फाडून नवे केले आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवले, की हा नियम पंगू होई. न्यायाधीशापुढे येई ते केवळ शेवटचे खत.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांच्या संतापाचा भडका उडाला. तो नगर जिल्ह्यातही पसरला. सावकारांच्या दप्तरांतील खते लोकांनी जाळली. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाल्यामुळे करमाळाही त्याच्या कक्षेत आला. त्याच्या १२ व्या कलमाने न्यायाधीशास देवघेवीच्या प्रारंभापासूनची हकीकत तपासण्याची आज्ञा केली. १३ व्या कलमाने हिशेबात व्याजावर व्याज चढविण्यास आळा घातला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे बंद झाले.

या कायद्याखालील निकालांची तपासणी करण्याचे काम पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले. १८६६ साली एल्एल. बी. झालेले रानडे १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश होण्यापूर्वी या कायद्याचे विशेष न्यायाधीश होते.

कायद्याने सर्व दुखणे बरे झाले असे मात्र नव्हे. गहाणखतावर हिशेबाची नजर पडू लागताच काही सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. तेव्हा १०-अ हे कलम घालावे लागले. खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद वस्तुतः गहाणाचा आहे की काय, हे ९२ व्या कलमाची आडकाठी न मानता पाहण्याची मुभा त्याने न्यायालयास दिली.

तो कायदा आज इतिहासजमा झाला आहे. पुराव्याच्या जुन्या कायद्याची जागाही १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. करार कायदा मात्र टिकून आहे, आणि विद्यार्थी अजूनही आरंभी तोच शिकतो. मुक्त संमती कशास म्हणावे, हे त्यास समजावयाचे असेल तर नांगराची निशाणी असलेले एखादे जुने खत समोर ठेवून अभ्यासास बसावे.