चार मासे दारू

तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा, हे सराफकट्ट्यावरचे जुने कोष्टक आहे. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती सोन्याची नसून बंदुकीच्या दारूची आहे. परंतु ती मोजावयास हेच कोष्टक सोयीचे पडेल. पाश्चात्त्य देशांत ही दारू ‘ग्रेन’ या वजनाने मोजतात. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनचा होता; म्हणजे १५ ग्रेनचा एक मासा. एवढे ध्यानी ठेवले, की एक-दोन माशांच्या फरकाने शस्त्रांच्या इतिहासात केवढी उलथापालथ झाली, हे सहज उमगेल.

अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे, म्हणजे रिव्हॉल्वरचे, आपल्या देशातील पेटंट १८३६ साली मिळविले. त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. पुढे मेक्सिकोशी युद्ध जुंपले, तेव्हा टेक्ससच्या घोडेस्वार दलातील कॅप्टन सॅम्युअल वॉकर याने त्याला गाठले. त्याला घोड्यावरून चालविता येईल असे, पण अत्यंत जबर मारा करणारे शस्त्र हवे होते. दोघांच्या विचारांतून १८४७ साली ‘वॉकर’ रिव्हॉल्वर जन्मास आले. त्याचे वजन दोन किलोहून अधिक होते आणि चक्राच्या एकेका घरात ६० ग्रेन, म्हणजे पुरते चार मासे, दारू मावत असे.

त्या काळी तयार काडतूस नव्हते. प्रत्येक शिपाई आपल्या हाताने घरात दारू ओती, वर शिशाची गोळी ठासी आणि मागे केप बसवी. शक्ती हातात आहे म्हटल्यावर ती पुरेपूर वापरण्याचा मोह कोणास आवरतो? शिपायांनी घरे काठोकाठ भरली आणि कित्येक चक्रे फुटली. त्या काळचे लोखंड तेवढा दाब सोसण्याइतके कणखर नव्हते. आणखी एक गंमत अशी, की नळीखाली ठासणीसाठी जो दांडा बसविला होता तो बाराच्या धक्क्याने निसटून खाली येई आणि चक्रच अडवी. म्हणजे शत्रूला धाक घालण्यासाठी वाढविलेली शक्ती स्वतःच्याच शस्त्राला नडली. कोल्टने धडा घेतला. १८४८ च्या ‘ड्रॅगून’ नमुन्यात त्याने चक्र आखूड केले आणि दारू सुमारे ५० ग्रेनवर आणली.

पितळी काडतुसाचे युग आल्यावर दारूचे माप शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेले. १८७३ साली अमेरिकन सैन्याने कोल्टचे .४५ व्यासाचे प्रसिद्ध रिव्हॉल्वर स्वीकारले. त्याच्या मूळ काडतुसात ४० ग्रेन काळी दारू आणि सुमारे २५५ ग्रेनची शिशाची गोळी असे. परंतु सैन्याच्या फ्रँकफर्ड येथील शस्त्रागाराने घोडदळासाठी जे काडतूस बनविले, त्यात दारू ३० ग्रेनच, म्हणजे नेमके दोन मासे ठेवली. पाठोपाठ स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘स्कोफील्ड’ रिव्हॉल्वर सैन्यात आले. त्याचे काडतूस आखूड आणि त्यात दारू २८ ग्रेन. हे काडतूस दोन्ही शस्त्रांत चाले, लांब काडतूस मात्र स्कोफील्डमध्ये बसत नसे. म्हणून अखेर आखूड काडतूसच दोघांसाठी कायम झाले. मोठे शस्त्र आणि सौम्य काडतूस यांची ही पहिली सरकारी सोयरीक म्हणावयास हरकत नाही.

हा धक्का येतो कोठून? न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलेल्या कोणासही ते सांगावे लागणार नाही. गोळी आणि दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने शस्त्र मागे येते. शस्त्र जड केले तर त्याचा मागे येण्याचा वेग कमी होतो. पण जड शस्त्र दिवसभर कमरेला वागवावे लागते. मग उरतात दोनच उपाय : गोळी हलकी करणे किंवा तिचा वेग कमी करणे. धक्क्याचा खरा दोष मनगट दुखण्यापुरता नाही. एकदा त्याची धास्ती बसली, की चाप ओढण्यापूर्वीच हात दचकतो आणि नेम चुकतो. न लागणाऱ्या गोळीची शक्ती किती, हा प्रश्नच मग व्यर्थ ठरतो.

तथापि सौम्यपणालाही मर्यादा आहे. १८९२ साली अमेरिकन सैन्याने .४५ सोडून .३८ चे हलके रिव्हॉल्वर घेतले. फिलिपाइन्सच्या लढायांत ते अपुरे पडल्याच्या तक्रारी आल्या. १९०४ साली चाचण्या झाल्या आणि १९११ मध्ये.४५ चे पिस्तूल परत आले. ब्रिटनने नेमकी उलट वाट धरली. १८८७ पासून त्यांच्या सैन्यात वेब्ली कंपनीचे .४५५ व्यासाचे दणकट रिव्हॉल्वर होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना कळून चुकले, की घाईने भरती केलेल्या शिपायाला हे धूड थोड्या दिवसांत शिकविता येत नाही. म्हणून .३८ व्यासाची, पण २०० ग्रेन वजनाची संथ गोळी निवडण्यात आली आणि १९३२ साली एन्फील्ड रिव्हॉल्वर रुजू झाले. एकच प्रश्न दोन राष्ट्रांनी दोन परींनी सोडविला. एकाने शत्रूकडे पाहिले, दुसऱ्याने आपल्या शिपायाच्या हाताकडे.

इकडे अमेरिकेतील हौशी नेमबाजांनी दारूचे माप पुन्हा आपल्या हाती घेतले होते. रिकामे पितळी काडतूस टाकून न देता त्यात नवी केप, नवी दारू आणि घरी ओतलेली गोळी भरण्याची सांडशीसारखी अवजारे जॉन बार्लोची ‘आयडियल’ कंपनी १८८४ पासून करीत होती. यातूनच एल्मर कीथ या पशुपालकाने .४४ च्या काडतुसात जबर भरणी करण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले, आणि १९५५ च्या अखेरीस ‘.४४ मॅग्नम’ अवतरले. जुन्या, कमी ताकदीच्या शस्त्रांत ते चुकून बसू नये म्हणून त्याची लांबी मुद्दाम सुमारे तीन मिलिमीटरने वाढविली होती. वॉकरच्या चुकीपासून शंभर वर्षांनी घेतलेली ही सावधगिरी.

आणि मग घडले ते मोठे मौजेचे. हे प्रचंड शस्त्र हौसेने विकत घेणाऱ्या अनेकांना त्याचा धक्का सोसेना. त्यांनी जुनीच आखूड काडतुसे त्यात घातली, किंवा मोठ्या काडतुसात घरी सौम्य भरणी केली. यातही एक धोका दडलेला आहे. जुनी मोठी काडतुसे काळ्या दारूने भरून जात. धूररहित दारू थोडकीच लागते आणि आत पोकळी उरते. चुकून दोनदा दारू पडली तरी ती वरून न दिसता सामावते. म्हणजे सौम्यतेच्या शोधात निघालेला मनुष्य क्षणाच्या बेसावधपणाने पुन्हा वॉकरच्या फुटक्या चक्रापाशी येऊन उभा राहतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, हे उचितच होय.

१९८७ साली अमेरिकेत जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरांच्या स्पर्धा भरविणारी संस्था निघाली. तेथे स्पर्धकांनी काडतुसे इतकी मवाळ केली, की शेवटी किमान शक्तीची अट घालावी लागली! पहिल्या पिढीला ‘चार माशांहून कमी भरा’ म्हणून विनवावे लागले. नातवंडांना ‘थोडे तरी भरा’ असे सांगण्याची पाळी आली.

यंत्राला किती शक्ती पेलते, हे लोखंडावरून ठरते. ती किती वापरावी, हे मात्र ते यंत्र धरणाऱ्या हातावरून ठरवावे लागते. चार माशांच्या दारूने वॉकरच्या शिपायांना जे शिकविले, ते बंदुकीपुरते नाही.