घरगुती वीजबिलाचा वाद आणि थकबाकीची वसुली : एक ऐतिहासिक आढावा (१९१० ते २०२३)

प्रस्तावना

धनको आणि ऋणको यांच्यातील वाद महाराष्ट्राला नवीन नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला सावकाराच्या कागदावर विसंबून न राहता मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. 'येणे आहे' असे म्हणणाऱ्यानेच येण्याचा अंतिम आकडा ठरवू नये, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. विजेच्या बिलाबाबत मात्र इतिहास वेगळ्या वाटेने गेला. येथे मीटर लावणारा, वाचन घेणारा, बिल काढणारा आणि बिल न भरल्यास पुरवठा तोडणारा पक्ष एकच राहिला. बिल वादग्रस्त असताना घरगुती ग्राहकाला या वसुलीपासून कोणते संरक्षण मिळाले, याचा कालक्रमानुसार आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९१० चा कायदा : नोटीस आणि निरीक्षक

मुंबईत १९०५ मध्ये वीजपुरवठा व ट्राम कंपनी स्थापन झाली. त्यानंतर पाच वर्षांनी भारतीय विद्युत अधिनियम, १९१० संमत झाला. त्याच्या कलम २४ नुसार बिल न भरणाऱ्या ग्राहकाला सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडण्याचा अधिकार परवानाधारकास मिळाला. दिवाणी दाव्याने रक्कम वसूल करण्याचा हक्कही कायम होता. सामान्य धनकोला दावा, हुकूमनामा आणि बजावणी या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. वीज पुरवठादाराला एका नोटिशीवर तोच परिणाम साधता येत होता. व्यवहारात दाव्याचा मार्ग मागे पडला आणि तारतोडणी हेच वसुलीचे मुख्य साधन बनले.

या अधिकाराला याच कायद्यात एक मर्यादाही होती. कलम २६ नुसार मीटर बरोबर की चूक हा वाद विद्युत निरीक्षकाने सोडवायचा होता. मीटर सदोष आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या वापराचा अंदाज त्याने ठरवायचा होता. मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका प्रकरणात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अधोरेखित केली. मीटरच्या अचूकतेचा प्रश्न असेल तेथे मंडळाने परस्पर पुरवणी बिल लादू नये, असे त्यातून स्पष्ट झाले. परंतु चुकीचे वाचन, सरासरीवर काढलेले बिल किंवा चुकीचा दर यांसारखे वाद निरीक्षकाच्या कक्षेत सहज बसत नव्हते. अशा ग्राहकापुढे कार्यालयात खेपा घालणे किंवा दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागणे एवढेच पर्याय उरत.

मंडळाचा काळ आणि ग्राहक चळवळ (१९६० ते २००३)

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि ग्रामीण भागात वीज पोहोचली. पुरवठादार शासकीय झाला, तरी वसुलीचे हत्यार तेच राहिले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ग्राहकाला संघटित आवाज दिला. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये 'सेवा' या संज्ञेच्या व्याख्येत वीजपुरवठ्याचा स्पष्ट उल्लेख आला. त्यामुळे चुकीच्या बिलाला प्रथमच 'सेवेतील त्रुटी' म्हणता येऊ लागले.

याच काळात एक निर्णय ग्राहकाच्या विरोधात गेला. स्वस्तिक इंडस्ट्रीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ (१९९७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाव्याने वसुली करण्याचा हक्क आणि पुरवठा तोडण्याचा अधिकार हे दोन स्वतंत्र मानले. दाव्यासाठीची मुदत तोडणीच्या अधिकाराला आड येत नाही, असा त्याचा आशय होता. प्रकरण उद्योगाचे असले तरी तत्त्व घरगुती ग्राहकालाही लागू होणारे होते. जुने येणे कितीही काळानंतर बिलात दाखवून तोडणीची नोटीस देता येईल, असा त्याचा व्यावहारिक अर्थ निघाला.

विद्युत अधिनियम, २००३ : संरक्षणाची नवी चौकट

२००३ च्या कायद्याने ही स्थिती बदलली. कलम ५६ ने नोटिशीचा अवधी पंधरा पूर्ण दिवसांचा केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ग्राहकाने हरकत नोंदवून मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. मागणीचा आकडा आणि ग्राहकाचा नित्याचा वापर यांत प्रथमच तुलना आणली गेली. हिशेब तपासण्याचे १८७९ चे तत्त्व या तरतुदीत मर्यादित स्वरूपात परतले, असे म्हणता येईल.

याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटलेली रक्कम वसुलीयोग्य राहणार नाही, असे ठरवले. मात्र ती थकबाकी म्हणून सातत्याने बिलात दाखवलेली नसावी, अशी अट होती. 'प्रथम देय' केव्हा, यावर दीर्घ वाद झाला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या बृहद पीठाने मागणीच्या दिनांकापूर्वीच्या दोन वर्षांपलीकडील वापराची आकारणी करता येणार नाही, असा निर्णय दिला. अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात २००९ ते २०११ मधील वापराची जादा मागणी २०१४ मध्ये झाली होती. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये चुकीमुळे राहिलेली रक्कम मागण्यास मुभा दिली, पण त्यासाठी पुरवठा तोडण्यास नकार दिला. दावा आणि तोडणी यांतील जो भेद १९९७ मध्ये ग्राहकाविरुद्ध गेला होता, तोच आता त्याच्या बाजूने उभा राहिला.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल अशी यंत्रणा उभी केली. घर बदलणाऱ्यांसाठी २००५ च्या विनियमांतील तरतूद मोलाची ठरली. वारस वगळता नव्या मालकावर किंवा भोगवटादारावर जुन्या ग्राहकाच्या जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीचीच जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात जुन्या थकबाकीची अट घालण्याचा पुरवठादाराचा अधिकार मान्य केल्यामुळे या मर्यादेचे महत्त्व अधिकच वाढले.

२०२०-२१ चा प्रसंग

या चौकटीची खरी कसोटी टाळेबंदीत लागली. मार्च २०२० अखेर मीटर वाचन थांबले आणि सरासरीने बिले निघाली. हिवाळ्यातील कमी वापरावरची ही सरासरी उन्हाळ्यातील प्रत्यक्ष वापरापेक्षा कमी होती. जूनमध्ये वाचन झाल्यावर फरकाचे मोठे आकडे एकाच बिलात आले. पुढे थकबाकीदारांची तोडणी मोहीम सुरू झाली. २ मार्च २०२१ रोजी विधानसभेत तिला स्थगिती जाहीर झाली आणि १० मार्चला ती उठवण्यात आली. बिलाचा हिशेब समजावून सांगणे आणि ते वसूल करणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे या प्रसंगाने दाखवून दिले. कलम ५६ चे संरक्षण कायद्यात होतेच. परंतु हरकत लेखी नोंदवून सरासरी रक्कम भरण्याची वाट ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ते नसल्यासारखेच होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, वीजबिलाच्या वसुलीत न्यायालयाची जागा प्रारंभापासून तारतोडणीने घेतली. दुसरा, १९१० चा निरीक्षक, १९८६ चा ग्राहक मंच आणि २००३ नंतरचा तक्रार निवारण मंच ही येण्याचा आकडा तिऱ्हाईताकडून तपासून घेण्याची क्रमाक्रमाने रुंदावलेली वाट आहे. तिसरा, हे संरक्षण ग्राहकाने स्वतः मागितल्याशिवाय कार्यान्वित होत नाही. २०२० च्या केंद्रीय नियमांनी प्रीपेड मीटरला प्राधान्य दिले आहे. त्या पद्धतीत पैसे आधी जातात आणि वाद नंतर उपस्थित होतो. म्हणूनच 'आधी हिशेब, मग वसुली' हे तत्त्व पुढील काळात कसे जपले जाईल, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांइतकाच धोरणकर्त्यांपुढेही आहे.