क्रोम-मॉलीच्या रॉडची कुळकथा

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेलच्या वीजकेंद्रात वाफेचा पाइप वेल्डिंगच्या जोडालगत फुटला. पाइप कार्बन-मॉलिब्डेनम पोलादाचा होता. तापलेलं पोलाद दाबाखाली हळूहळू ताणलं जातं. याला क्रीप म्हणतात. मॉलिब्डेनम हा क्रीप रोखतो, म्हणून ते पोलाद निवडलेलं होतं. पण काही वर्षांच्या उष्णतेने त्यातल्या कार्बाइडमधला कार्बन सुटला, जोडाशेजारी ग्राफाइटच्या कणांची ओळ तयार झाली आणि पोलाद नेमकं तिथेच दुबळं झालं. उपाय ठरला क्रोमियम. तो कार्बनला घट्ट धरून ठेवतो आणि तापलेल्या पृष्ठभागाला पापुद्रे सुटू देत नाही. उष्ण वाफेच्या पाइपांत क्रोम-मॉलीचं, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचं, स्थान या धड्याने पक्कं झालं.

पाइपचं पोलाद बदललं की वेल्डिंगचा रॉडही बदलावा लागतो. माइल्ड स्टीलचा रॉड त्या तापमानात टिकत नाही. शिवाय कमी क्रोमच्या भागातला कार्बन जास्त क्रोमकडे सरकत जातो आणि मागे मऊ पट्टा उरतो. म्हणून अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या वर्गवारीत क्रोम-मॉलीच्या रॉडना ‘बी’चं कुळ आहे. बी २ मध्ये साधारण सव्वा टक्का क्रोम आणि अर्धा टक्का मॉली, तर बी ३ मध्ये सव्वादोन टक्के क्रोम आणि एक टक्का मॉली. ‘ई ९०१८-बी ३’ मधला ९० हा आकडा ताकद सांगतो, चौरस इंचाला किमान ९०,००० पौंड. शेवटचा ८ कमी हायड्रोजनच्या आवरणाची खूण आहे.

१९७० मध्ये संशोधक ब्रुस्काटो यांनी फॉस्फरस, अँटिमनी, कथील आणि आर्सेनिक या चौघांचा हिशेब मांडणारं सूत्र दिलं. या सूक्ष्म अशुद्धी वाढल्या की जोड वापरात ठिसूळ होतो. त्याच दशकात टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ९ टक्के क्रोमच्या पोलादात व्हॅनेडियम आणि नायोबियम घालून पी ९१ हे पोलाद विकसित झालं. त्याच्यासाठी बी ९ रॉड आला. त्यात निकेल आणि मँगनीजची बेरीज मर्यादेत ठेवावी लागते, नाहीतर वेल्डिंगनंतर ७६० अंश सेल्सिअसच्या आसपास केलेला उष्णतोपचारच जोड बिघडवू शकतो.

म्हणून रॉड निवडताना ताकदीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी पाइपचं पोलाद ओळखा, मग ‘बी’पुढचा आकडा जुळवा, आणि टेस्ट सर्टिफिकेट वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.