वटवट्यांचे कुळ आणि मूळ

वेरूळच्या लेण्यांभोवतीच्या डोंगरउतारांवर, येळगंगेकाठच्या झुडपांत आणि लगतच्या ज्वारीच्या शेतांत लांब शेपटी उंचावून सतत आवाज करणारा चिमुकला पक्षी म्हणजे वटवट्या. प्रिनिया या प्रजातीतील अनेक जाती भारतात आढळतात. राखी वटवट्याची पाठ राखी, पोट तांबूस आणि डोळे लालसर असतात. साधा वटवट्या फिकट तपकिरी असून त्याची भुवई पांढुरकी असते. जंगली वटवट्या आकाराने मोठा व जाड चोचीचा असून तो खडकाळ, काटेरी रानात राहणे पसंत करतो.

यांपैकी पहिल्या दोन जातींचे शास्त्रीय वर्णन दख्खनमधील नमुन्यांवरून कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडले. याच साइक्स यांनी वेरूळच्या लेण्यांवर लिहिलेला निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८२३ मध्ये प्रसिद्ध केला होता. जंगली वटवट्याला जर्डन यांनी १८४० मध्ये नाव दिले.

नाव देणे सोपे, पण कुळ ठरविणे कठीण असते. बारीक चोचीचे, मळकट रंगाचे सारे कीटकभक्षी पक्षी दीर्घकाळ सिल्व्हिडी या एकाच कुळात गणले जात. मराठीतही पर्ण वटवट्या, बोरू वटवट्या अशी नावे रूढ झाली ती याच बाह्य साम्यामुळे. गुणसूत्रांतील डीएनएच्या अभ्यासाने मात्र हा मोठा गठ्ठा सोडविला. पेर आल्स्ट्रोम व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानंतर पर्ण वटवटे आणि बोरू वटवटे स्वतंत्र कुळांत गेले. प्रिनियांचे स्थान सिस्टिकोलिडी कुळात पक्के झाले आणि पाने शिवून घरटे करणारा शिंपी पक्षी त्यांचा जवळचा आप्त ठरला. राखी वटवट्याही पाने शिवून घरटे करतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

उलट उदाहरणही आहे. सिंधू नदीच्या खोऱ्यातील उंच गवतात राहणारा एक पक्षी दीर्घकाळ प्रिनिया मानला जाई. २०१३ च्या संशोधनात तो सातभाईसदृश पक्ष्यांच्या गटातील निघाला व लॅटिसिला या प्रजातीत गेला. साध्या वटवट्याला पूर्वी आफ्रिकेतील जातीची उपजात समजत. आता तो स्वतंत्र जाती मानला जातो. ऑस्ट्रेलियातील शेपटी उभारणारे परी-रेनही युरोपातील रेनचे नातलग नाहीत. सारख्या राहणीमुळे सारखे रूप येते. त्यावरून रक्ताचे नाते सिद्ध होत नाही.

या वर्गीकरणाचे महत्त्व केवळ ग्रंथापुरते नाही. संवर्धनाचा विचार जातीनिहाय होतो. दोन जाती एकच मानल्या, तर त्यांतील दुर्मीळ जातीची घट नजरेआड राहते. राखी आणि साधा वटवट्या शेतात व बागेतही निभावतात; जंगली वटवट्याला मात्र झुडपी माळ लागतो. सरकारी नकाशांत अशा झुडपी जमिनीची गणना बहुधा ‘पडीक’ म्हणून होते. तेथे दाट वृक्षलागवड झाली, तर हिरवाई वाढलेली दिसेल. पण माळावरचा हा रहिवासी बेघर होईल. वेरूळला येणाऱ्या पक्षिप्रेमींनी नोंद करताना केवळ ‘वटवट्या’ न लिहिता जात ओळखून लिहावी, ती यासाठीच.