दाह, सुई आणि त्रिक : एका उपचाराच्या नामांतरांचा इतिहास

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि विभागणीनंतरही तेथील कष्टांचे वर्षचक्र एकच राहिले. उन्हाळ्याच्या आरंभी मोहफुले वेचणे, त्यानंतर तेंदूची पाने तोडणे, पावसाळ्यात चिखलात उभे राहून धानाची रोवणी करणे, ही सारी कामे बव्हंशी वाकूनच करावयाची असतात. त्यामुळे कंबरदुखी ही या अरण्यप्रदेशात केवळ वार्धक्याची व्यथा नसून कमावत्या वयाचीही व्यथा आहे.

‘कंबर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि त्याने ‘कटी’ला बहुतांशी काव्यापुरते उरू दिले. परंतु कंबर दुखते असे म्हटल्याने स्नायू दुखतो, मणक्यांमधील चकती दुखते की सांधा दुखतो, याचा उलगडा होत नाही. त्या दृष्टीने आयुर्वेदातील ‘त्रिक’ ही संज्ञा अधिक नेमकी होय. कण्याच्या खालच्या टोकाजवळचे त्रिकास्थी दोन्ही बाजूंच्या श्रोणीच्या हाडांशी दोन सांध्यांनी जोडलेले असते. हे सांधे फारसे हलत नाहीत. बळकट तंतुमय अस्थिबंधांनी ते जखडलेले असतात. हे अस्थिबंध सैल पडल्याने वेदना होते आणि त्यांच्या ठायी मुद्दाम थोडा दाह उत्पन्न केल्यास ते भरून येऊन पुन्हा घट्ट होतात, या कल्पनेवर प्रस्तुत उपचार आधारलेला आहे.

इजा करून बरे करण्याची ही कल्पना प्राचीन आहे. सुश्रुताने स्नायू, संधी व अस्थी यांतील तीव्र वेदनेवर अग्निकर्म सांगितले आहे. वारंवार निखळणाऱ्या खांद्यावर तापलेल्या लोखंडाने काखेत डाग देण्याची रीत हिपोक्रेटीसच्या नावावरील ग्रंथांत वर्णिलेली आहे. विदर्भातील रानांत मिळणाऱ्या बिब्ब्याचे तेल दुखऱ्या भागी लावण्याचा घरगुती उपायही याच जातीचा. त्या तेलाने कातडीवर फोड उठतात. मात्र येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. डाग किंवा बिब्बा कातडीवर काम करतो. खोलवरच्या अस्थिबंधापर्यंत पोहोचण्यासाठी सुईच लागते.

एकोणिसाव्या शतकात युरोपात हर्नियावर क्षोभक द्रव्ये टोचून पाहण्यात आली. सांध्यांकडे ही पद्धती वळली ती अमेरिकेत. १९३७ मध्ये अर्ल गेडनी यांनी सैल सांध्यांवरील अशा उपचाराविषयी लिहिले. त्या काळी रूढ असलेल्या नावात ‘काठिण्य’ हा अर्थ होता. ओहायो राज्यातील शल्यविशारद जॉर्ज हॅकेट यांना ते नाव मान्य नव्हते. आपल्या सुईने व्रण कठीण होत नसून नवे तंतू जन्मास येतात, असा त्यांचा दावा होता. म्हणून १९५६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी लॅटिनमधील ‘संतती’वाचक शब्दावरून ‘प्रोलोथेरपी’ हे नाव रूढ केले. पुढे ‘पुनर्निर्माणकारी सुई’ अशा अर्थाचे तिसरे नाव प्रचारात आले. काठिण्य, संतती, पुनर्निर्माण : प्रत्येक नामांतराबरोबर आश्वासन वाढत गेले. पुरावा त्याच गतीने वाढला काय, हा प्रश्न त्यामुळेच उपस्थित होतो.

१९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार घेतलेल्या ४० पैकी ३५ रुग्णांना निम्म्याहून अधिक आराम पडला. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४१ पैकी १६ होते. परंतु पहिल्या गटातील रुग्णांचे सांधे हातांनी दाबून-वळवूनही उपचार झाले होते. तेव्हा श्रेय एकट्या सुईचे ठरत नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ११० रुग्णांच्या चाचणीत काहींना ग्लुकोजची, तर काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई देण्यात आली. सुधारणा दोन्ही गटांत झाली, दोहोंत लक्षणीय फरक मात्र आढळला नाही. २०१० मध्ये दक्षिण कोरियात नेमक्या त्रिक-श्रोणी सांध्यावर प्रयोग झाला. बधिर करणाऱ्या औषधाने आधी निदान पक्के करून, क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई सांध्यात नेण्यात आली. १५ महिन्यांनी निम्मा वा अधिक आराम टिकलेल्यांचे प्रमाण ग्लुकोजच्या गटात ५८.७ टक्के, तर स्टेरॉइडच्या गटात १०.२ टक्के निघाले. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा. पण अभ्यासलेले रुग्ण अवघे ४८ होते, आणि मिठाच्या पाण्याशी तुलना त्यात नव्हती.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सुई घेतल्यावर बरे वाटले, एवढ्याने सुईतील द्रव्याचा गुण सिद्ध होत नाही. दुसरे असे की, या उपचाराची आशा जेथे सर्वाधिक दिसते, तेथे ती काटेकोर निदानाशी बांधलेली आहे.

निदानाचे हे महत्त्व गडचिरोलीइतके क्वचितच कोठे प्रत्ययास आले असेल. राणी बंग व अभय बंग यांनी या जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ओटीपोटातील विकारानेही कंबर दुखते. तेव्हा कंबर धरून आलेल्या प्रत्येक स्त्रीचा सांधाच सैल आहे असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. पुढे २०२१ मध्ये अभय बंग, शेखर भोजराज व त्यांचे सहकारी यांनी पाठदुखी व अन्य अस्थिस्नायूंच्या वेदना हा ग्रामीण सार्वजनिक आरोग्याचा अनुत्तरित प्रश्न असल्याचे मांडले.

भामरागड किंवा एटापल्लीकडील मजूर स्त्रीला एकेका सुईसाठी प्रवास आणि बुडालेली मजुरी असे दुहेरी मोल द्यावे लागते. ‘पुनर्निर्माण’ हा शब्द तिच्या कानी घालणे म्हणजे अद्याप सिद्ध न झालेले फळ आधीच तिच्या पदरात टाकणे होय. मोठ्या व निर्दोष चाचण्यांनी निर्णय होईपर्यंत तिला एवढेच सांगणे उचित ठरेल : सुईत ग्लुकोजचे पाणी आहे, काहींना तिचा उपयोग झालेला दिसतो, आणि ती घेण्यापूर्वी नेमके काय दुखते याचा शोध लागणे अगत्याचे आहे.