एका माणसाची एकच भाषा?

गोव्यातला भाषावाद निघाला की दोन्ही बाजू गोमंतकीयाला एकच प्रश्न विचारतात : तुझी खरी भाषा कोणती, ते एकदा सांगून टाक. मराठीवाद्यांच्या मते कोकणी ही मराठीची बोली, तेव्हा गोमंतकीय मुळातच मराठी. कोकणीवादी म्हणतात, घरात कोकणी बोलतोस ना, मग तुझी भाषा कोकणीच; मराठी देवळातून आणि शाळेतून आलेली, उसनी. निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी त्यांच्या बुडाशी गृहीतक एकच आहे : माणसाची भाषा एक असते आणि तिच्यावरून त्याची ओळख ठरते. या गृहीतकालाच माझा विरोध आहे.

आधी मराठीवाद्यांचा पक्ष घेऊ. ग्रिअर्सनने १९०५ साली आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात कोकणीला मराठीत घातले, आणि आपल्याकडचे अनेक विद्वान अजून त्याचाच हवाला देतात. सु. मं. कत्रे यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात कोकणीच्या घडणीचा स्वतंत्र विचार केला, त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. पण समजा, व्याकरणाचे साम्य शंभर टक्के सिद्ध झाले, तरी त्यातून ओळख कशी सिद्ध होते? तेरेखोल नदीच्या अलीकडे सावंतवाडीत आणि पलीकडे पेडण्यात कान देऊन ऐका. मालवणी माणूस ‘घोडो’ म्हणतो, ‘माका’ म्हणतो. ही रूपे पुण्याच्या मराठीपेक्षा पणजीच्या कोकणीला जवळची आहेत. व्याकरणावरूनच निवाडा करायचा तर अख्खे मालवण कोकणी ठरेल. मालवणी माणूस ते मानणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे, कारण तो स्वतःला मराठी समजतो. मग हाच हक्क पेडणेकराला का नाही? मंगळूर आणि कोचीच्या कोकणी माणसांचे तर बोलायलाच नको. ते आपली भाषा कन्नड किंवा मल्याळम लिपीत लिहीत आले. मराठीशी त्यांचा संबंध जवळजवळ नाहीच.

आता दुसरा पक्ष. हा अधिक सूक्ष्म आहे, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. शिकून घेतलेली भाषा आपली नसते, आईकडून आलेली तेवढी आपली, असे त्याचे म्हणणे. फोंडा तालुक्यातल्या एखाद्या गावात जत्रेच्या नाटकाची तालीम चाललेली पाहा. दिग्दर्शक सूचना देतो त्या कोकणीत, नट एकमेकांची चूक काढतात ती कोकणीत, आणि संवाद म्हणतात ते मराठीत. सकाळी याच मंडळींच्या हातात मराठी वर्तमानपत्र असते, मासळीचा भाव कोकणीत होतो, संध्याकाळी देवळात तुकोबांचे अभंग होतात. पोर्तुगीज अमलात सरकारी आधार नसताना या लोकांनी मराठी खासगी शाळांतून आणि देवळांतून टिकवली. जी भाषा माणसाने कुणाची सक्ती नसताना, राज्यकर्ता परका असताना, कष्टाने शिकून पिढ्यान् पिढ्या जपली, ती उसनी कशी? उलट जन्माने मिळालेल्या भाषेपेक्षा निवडून शिकलेल्या भाषेत माणसाने स्वतःचे अधिक काही घातलेले असते.

या दुहेरीपणाला इतिहास आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ रचले ते मराठी ओव्यांत. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याच स्टीफन्सने व्याकरण लिहिले ते कोकणीचे. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली निघाले. त्याला दोन्ही भाषांची गरज वाटली, कारण ज्या लोकांशी त्याला बोलायचे होते ते दोन्ही भाषांत जगत होते. अलीकडचे उदाहरण बा. भ. बोरकरांचे. त्यांची मराठी कविता महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, आणि १९८१ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले ते त्यांच्या ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हेच बोरकर गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरोधात उभे होते. मराठी कथाकार लक्ष्मणराव सरदेसाईही त्याच बाजूला होते. त्या दिवशी विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. विरोधात मत देणाऱ्या कित्येक घरांतला हरिपाठ दुसऱ्या दिवशीही मराठीतच झाला. भाषा आणि राजकीय ओळख यांची गाठ किती सैल असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ‘दोन्ही भाषा आपल्या’ हे बोलणे समानतेचे दिसते, पण व्यवहारात मोठी भाषा लहान भाषेला गिळते. कोकणीला बोली म्हणून हिणवले गेले, म्हणून तिला हट्टाने वेगळे उभे राहावे लागले. हे मला पूर्ण मान्य आहे. १९८७ चा राजभाषा कायदा आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात मिळालेली जागा हा कोकणीचा न्याय्य हक्क होता. मात्र हक्क मिळवण्यासाठी उभारलेली भिंत माणसाच्या आत बांधण्याचे कारण नाही. तशी ती बांधली की काय होते, तेही गोव्यानेच पाहिले. कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असे ठरवले, आणि १८९२ पासून रंगभूमी गाजवणारा तियात्र ज्या रोमन लिपीत लिहिला जातो, ती लिपी बाहेर राहिली. एकच खरी भाषा शोधायला निघालेल्या तर्काने कोकणीच्याच लेकरांना दारात उभे केले.

जनगणनेतही हाच तर्क आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जिच्यात बोलली ती, आणि तिच्यासाठी रकाना एकच. २०११ साली गोव्यात कोकणी सुमारे ६६ टक्के आणि मराठी सुमारे ११ टक्के नोंदली गेली. तालमीतला तो नट यांपैकी एका आकड्यात बसवला गेला आणि त्याचे उरलेले आयुष्य ‘इतर भाषा’ झाले. या टक्क्यांवरून दोन्ही बाजू भांडतात, हे मला खरोखर दुःखद वाटते.

मराठी साहित्य संस्थांना म्हणूनच माझी विनंती आहे : कोकणीला बोली म्हणणे आता थांबवा, त्याने मराठीचा एकही वाचक वाढलेला नाही. आणि कोकणीच्या कार्यकर्त्यांना : तुमच्या शाळेतले मूल आवडीने मराठी शिकत असेल तर त्याच्या निष्ठेची चौकशी करू नका. बोरकरांची कोणी केली नव्हती.